काळ्या मातीतला ओलावा-सेन्सर चुकीचे आकडे देतो तेव्हा: बिघाड शोधायची आमची पद्धत

जानेवारीचा पहिला आठवडा होता. इंदूरजवळ, देपालपूर रस्त्यावरच्या आमच्या शेतात गहू पोटरीत आला होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास भाऊजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा, फोन आला. "वहिनी, वरचा सेन्सर नऊवर आलाय. चार वाजता तेहेतीस होता. रात्री लाइट येईल तेव्हा मोटर लावून टाकू का?"

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि कागद घेऊन हिशेब मांडला. सेन्सर १० सेंटिमीटर जाडीच्या थराचा ओलावा सांगतो असं धरलं, तर ३३ टक्क्यांवरून ९ टक्के म्हणजे त्या थरातून २४ मिलिमीटर पाणी निघून गेलं. थंडीत गहू दिवसाला जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर पाणी ओढतो. मग आठवड्याचं पाणी दोन तासांत गेलं कुठे? सकाळी जाऊन खुरप्याने माती बाजूला केली, तर करंगळी जाईल एवढी भेग सेन्सरच्या पात्यांना लागून खाली गेलेली. दोन पात्यांपैकी एक पूर्ण उघडं पडलं होतं. सेन्सर ठणठणीत होता, तो मातीऐवजी हवा मोजत होता. रात्री मोटर लावली असती तर वापशात असलेल्या गव्हाला विनाकारण पाणी बसलं असतं.

तेव्हापासून आमच्या घरात एक क्रम ठरला आहे. आकडा विचित्र दिसला की आधी माती पाहायची, मग सेन्सरची मातीशी पकड, मग वायर आणि सांधे, मग बॅटरी, मग लॉगरची, म्हणजे सेन्सरचे आकडे नोंदवून पाठवणाऱ्या डब्याची, सेटिंग. सेन्सर खराब झाला हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी. माळव्याच्या काळ्या मातीत हा क्रम उलटा केला की चांगले सेन्सर कचऱ्यात जातात आणि नवे सेन्सर तेच आकडे दाखवतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर आणि बॅटरी एकाच फेरीत बदलली, तर बिघाड कशाने गेला ते कधीच कळत नाही, आणि तो पुन्हा आला की सगळं पहिल्यापासून.

शेतात जाण्याआधी आलेख वाचा

निम्मे बिघाड घरी बसून, मोबाइलवरच्या आलेखातच ओळखता येतात. शेवटच्या दोन आठवड्यांचा आलेख उघडा आणि त्याचा आकार बघा.

मुळं पाणी ओढत असतील तर आलेख पायऱ्यांसारखा उतरतो: दिवसा उतार, रात्री सपाट, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतार. अशा पायऱ्या दिसल्या की निश्चिंत व्हा; सेन्सर, माती आणि पीक तिघंही जागेवर आहेत. रोज दुपारी आकडा एक-दोन टक्के चढून रात्री तेवढाच उतरत असेल, तर तो तापमानाचा खेळ आहे. उन्हाने जमिनीत पाणी वाढत नाही. १०-१५ सेंटिमीटर खोलीवरच्या कपॅसिटन्स सेन्सरमध्ये (तो कसा असतो ते पुढे येईल) हे नेहमी दिसतं, त्यासाठी काही उपटायची गरज नाही. रोज सकाळी सहाचा आकडा घ्या आणि दिवसादिवसांची तुलना त्याच वेळेवर करा.

एका क्षणात उभी घसरण झाली तर भेग किंवा तुटलेली वायर. एका आकड्यावर दिवसेंदिवस रेघ मारल्यासारखी आडवी रेषा दिसली तर सेन्सर उत्तरच देत नाही आणि लॉगर जुनाच आकडा पुन्हा लिहितोय. उणे ९९९९ किंवा तसलाच अशक्य आकडा म्हणजे लॉगरने दिलेली कबुली की समोरून उत्तर आलं नाही. आकडा वर-खाली नाचत असेल तर सांध्यात पाणी, किंवा मोटरची केबल आणि सेन्सरची केबल एकाच चरातून गेलेली. मोटर चालू असतानाच नाच होतो का ते पाहा, लगेच कळेल.

आणखी एक मर्यादा पाठ करून ठेवा. मातीतल्या पोकळीपेक्षा जास्त पाणी मातीत मावत नाही. काळ्या मातीची घनता घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरली आणि मातीच्या कणांची २.६५, तर पोकळी निघते ५१ टक्के. सेन्सर ५८ किंवा ६२ दाखवत असेल तर तो आकडा होऊच शकत नाही. बहुधा मातीत क्षार वाढले आहेत, नाहीतर लॉगरमध्ये मातीचा प्रकार चुकीचा निवडला आहे.

तुमचा सेन्सर मोजतो तरी काय?

हे माहीत नसेल तर पुढचं सगळं अंधारात चाचपडणं. बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात.

टेन्शिओमीटर म्हणजे पाण्याने भरलेली नळी, खाली चिनी मातीचा सच्छिद्र कप आणि वर घड्याळ. माती पाणी किती जोराने धरून ठेवते ते तो सेंटिबार या दाबाच्या एककात सांगतो. त्याची धाव ८० सेंटिबारच्या आसपास संपते. पुढे कपातून हवा आत शिरते आणि काटा शून्यावर येतो. हा शून्य फार फसवा. माती चिंब असल्यावरही शून्य आणि कोरडीठाक असल्यावरही शून्य! नळीत पाण्याची पातळी उतरलेली दिसली की समजा हवा शिरली आहे. पाणी उकळून गार केलेलंच भरा, कारण साध्या पाण्यातली विरघळलेली हवा बुडबुडे करते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे ही धाव किनाऱ्यापेक्षा थोडी आधीच संपते. भारी काळ्या मातीत हा सेन्सर मला अपुरा वाटतो. भाजीपाल्याच्या ड्रिपवर मात्र उत्तम.

वॉटरमार्क जातीचा सेन्सर विद्युत रोध मोजतो आणि त्याचे सेंटिबार करून देतो, ० ते साधारण २०० पर्यंत. १० च्या आत म्हणजे माती तुडुंब, ३० ते ६० मध्ये बहुतेक जमिनींना पाणी द्यायची वेळ, आणि आपल्यासारख्या भारी चिकण मातीत ६० ते १०० पर्यंत थांबता येतं. इथे आकडा चढला म्हणजे माती कोरडी झाली, हे घरातल्या सगळ्यांना नीट समजावून सांगा. आमच्याकडे शेजारच्या मामांनी ९० पाहून "पाणी भरपूर आहे" म्हणून एक पाळी चुकवली होती.

तिसरा कपॅसिटन्स सेन्सर, पात्यांचा किंवा काठीसारखा. परावैद्युतांक म्हणजे विजेचा भार साठवायला पदार्थ किती मदत करतो त्याचं माप. पाण्याचा तो सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १. एवढ्या मोठ्या फरकाच्या जोरावर तो ओलाव्याची टक्केवारी काढतो. पात्याला चिकटून हवेचा पातळसा थर राहिला तरी आकडा कोसळतो, तो याचमुळे. परावैद्युतांकावरून ओलावा काढायचं बहुवापराचं समीकरण मृदाशास्त्रज्ञ टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलं. साधारण जमिनींना ते छान लागू पडतं; काळ्या चिकण मातीत मात्र ते सरकतं, म्हणून सेन्सर आपल्या मातीशी जुळवून घ्यावा लागतो. ते कसं, ते पुढे सांगते.

दोन दात्यांचे अगदी स्वस्त रोधक सेन्सर शेतात लावूच नका. सतत करंट वाहून त्यांचे दाते एका हंगामात झिजतात.

भेग: आपल्या भागातला खरा बिघाड

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. ती कुठेतरी फाटणारच, आणि जिथे आधीच खणून माती सैल केली आहे तिथे सगळ्यात आधी फाटते. म्हणजे आपण सेन्सरसाठी खड्डा घेतो तेव्हाच भेगेला जागा आखून देतो.

भेगेने दोन प्रकारचे खोटे आकडे येतात. पहिला वर सांगितला तो: पातं हवेत, आकडा पाताळात. दुसरा जास्त घातक. पाणी सोडलं की ते भेगेतून सरळ खाली उतरतं आणि ४५ सेंटिमीटरवरचा सेन्सर आधी ओला होतो, १५ सेंटिमीटरवरचा दोन-चार तासांनी. आलेखात खालचा सेन्सर वरच्याच्या आधी उसळला की ओळखा, पाणी मातीतून मुरलेलं नाही, भेगेतून पळालं आहे. अशा वेळी खालचा आकडा पाहून "खोलवर ओल पोचली" असं समजून मोटर बंद केली तर मधल्या थरातली मुळं तहानलेली राहतात.

उपाय करताना भेग वरून माती लोटून बुजवू नका; ती सैल माती पुढच्या पाळीला खाली बसते आणि पोकळी तशीच राहते. पाणी देऊन वापसा येऊ द्या, सेन्सर काढा आणि त्याच ओळीत अर्धा-पाऊण मीटर बाजूला, न हललेल्या मातीत पुन्हा बसवा. काहीजण फक्त सेन्सरभोवती काड किंवा सोयाबीनचा भुसा पसरतात. भेग थांबते खरी, पण मग सेन्सर त्या झाकलेल्या हातभर जागेचाच ओलावा सांगतो, उरलेल्या शेताचा नाही. आच्छादन करायचं तर पूर्ण वाफ्यावर करा.

दीर्घ पल्ल्याचा इलाज सेंद्रिय खताचा. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२० च्या दशकात कंपोस्टची जगभर गेलेली 'इंदूर पद्धत' बसवली ती याच शहरात, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जमिनीवर. आमच्या ज्या तुकड्यात चार वर्षं कंपोस्ट पडलंय तिथे भेगा बारीक पडतात आणि सेन्सरचे आकडेही शहाण्यासारखे वागतात.

पुन्हा बसवताना

दिवस वापशाचाच निवडा. चिखलात बसवलेल्या सेन्सरभोवतीची माती वाळताना आकसून त्याला सोडून देते, आणि कोरड्या मातीत पाती ठोकली तर वाकतात. मातीचा गोळा हातात वळतो पण तळव्याला चिकटत नाही, ती वेळ बरोबर.

खड्डा एका बाजूला घ्या आणि पाती खड्ड्याच्या उभ्या भिंतीत, न हललेल्या मातीत आडवी दाबा. पाती उभ्या धारेवर राहू द्या, म्हणजे त्यांच्यावर पाणी साचणार नाही. एकदा आत गेलं की हलवून सरळ करायचा मोह आवरा, एवढ्याशा हलण्याने पोकळी होते. वॉटरमार्क बसवायचा असेल तर आधी एक-दोनदा भिजवून वाळवा, शेवटी रात्रभर पाण्यात ठेवा आणि ओलाच पुरा. त्याच्या भोकात मातीची पातळ रबडी ओतायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. काळ्या मातीची रबडी वाळताना तीच आकसते. म्हणून ती घट्ट, थालीपिठाच्या पिठासारखी मळून, लागेल तेवढीच वापरा.

माती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने परत भरा आणि दर चार बोटांना दाबून बसवा. केबल सेन्सरपासून थोडी खाली नेऊन मग वर आणा, नाहीतर पाणी केबलीच्या कडेने ओघळत थेट सेन्सरवर येतं. केबल पाइपातून न्या, कुळवाच्या फासाच्या खाली पुरा. घुशी आणि उंदीर उघडी केबल एका रात्रीत कुरतडतात, आणि रोजड्यांनी, म्हणजे नीलगायींनी, आमचा एक खांब अंग घासून आडवा केला आहे.

जागा निवडताना गव्हात वाफ्याच्या मधोमध, बांध आणि पाटापासून दूर. बटाट्यात वरंब्यावर, दोन झाडांच्या मध्ये. ड्रिपमध्ये ड्रिपरपासून १० ते १५ सेंटिमीटरवर. ड्रिपरच्या थेट खाली बसवला तर तो कायम भिजलेला राहील. बसवल्यावर दोन पाळ्या होईपर्यंत त्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. म्हणून गव्हात सेन्सर पेरणीबरोबरच बसवावेत, कारण मुकुटमुळं फुटायची २१ व्या दिवसाची पाळी चुकवून चालत नाही.

बादली आणि मल्टिमीटर

पकड ठीक आहे आणि तरी शंका आहे, तर सेन्सर उपटून स्वच्छ धुवा. कपॅसिटन्स सेन्सर आधी हवेत धरा: आकडा शून्याच्या जवळ. मग प्लास्टिकच्या बादलीत, पाती पूर्ण बुडवून, कडांपासून चार बोटं दूर: आकडा त्याच्या पट्टीच्या वरच्या टोकाला. दोन्ही टोकं जमली तर सेन्सर निर्दोष. लोखंडी बादली घेऊ नका, धातूमुळे आकडा बिघडतो. वॉटरमार्क सुकवल्यावर २०० च्या आसपास आणि बुडवल्यावर काही मिनिटांत ५ च्या खाली यायला हवा.

वॉटरमार्कची केबल तुटली की तो कायम कोरडा दाखवतो आणि तारा एकमेकींना चिकटल्या की कायम ओला. दर पाण्यानंतर "ओला" होऊन दोन दिवसांनी पुन्हा ताळ्यावर येणारा आकडा म्हणजे सांध्यात पाणी. मल्टिमीटरने तार अखंड आहे का आणि दोन तारा जुळल्या आहेत का, एवढंच तपासा. वॉटरमार्कचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजायला गेलात तर आकडा सरकत राहील, कारण त्या सेन्सरला उलटसुलट होणारा करंट लागतो आणि मल्टिमीटर एकदिश देतो.

सांधा जमिनीखाली ठेवायचाच असेल तर इन्सुलेशन टेप पुरेशी नाही. डिंक असलेली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आकसून बसणारी) नळी किंवा जेल भरलेले कनेक्टर वापरा. माझं ऐकाल तर सांधा जमिनीवर, खांबावरच्या डब्यातच काढा.

माती तोलून खात्री

पाच सेंटिमीटर व्यासाच्या जीआय पाइपचा पाच सेंटिमीटर लांब तुकडा कापून घ्या, एका कडेला धार लावा. त्यात मावते ९८ घन सेंटिमीटर माती. सेन्सरपासून हातभर दूर, त्याच ओळीत, त्याच खोलीवर तो ठोकून मातीचा नमुना काढा, दोन्ही तोंडं सुरीने सपाट करा, लगेच पिशवीत बांधा. घरी अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. मग ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास सुकवून पुन्हा तोला. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की सुकली.

आमचा एक नमुना असा होता: ओली माती १६८ ग्रॅम, सुकी १२६. पाणी ४२ ग्रॅम, म्हणजेच ४२ घन सेंटिमीटर. ४२ भागिले ९८, ओलावा ४३ टक्के. त्या वेळी सेन्सर दाखवत होता ३६. दोन आठवड्यांनी माती वाळल्यावर पुन्हा नमुना घेतला: खरा २६, सेन्सर २२. खऱ्यात १७ चा फरक, सेन्सरमध्ये १४ चा, भागाकार १.२१. म्हणजे सेन्सरच्या आकड्याला १.२१ ने गुणून पाऊण टक्का वजा केला की खरा ओलावा. दोन बिंदूंवर काम चालतं, पण पाच-सहा नमुने घेऊन कागदावर रेघ ओढली तर मन शांत राहतं. हे एकदा केलं की त्या शेतापुरतं झालं.

लॉगर

पहाटेच्या वेळी बॅटरीचा व्होल्टेज मोजा, तो दिवसातला सगळ्यात कमी असतो. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असताना १२.७ च्या आसपास, निम्मी झाली की १२.२ आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी. नोंदी फक्त रात्रीच गळत असतील तर बॅटरी किंवा पॅनल. पॅनल आधी ओल्या फडक्याने पुसा. हार्वेस्टरच्या धुळीने पॅनल अर्धा आंधळा होतो. तोंड दक्षिणेकडे आणि कल साधारण २३ अंश, आपल्या अक्षांशाइतका. एरवी ठीक पण डेटा पाठवतानाच लॉगर बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर मोडेम त्या क्षणाला दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो आणि थकलेली बॅटरी किंवा बारीक तार तो देऊ शकत नाही.

घड्याळाचा दोष मला विशेष सांगायचाय. पहिल्या वर्षी आलेखात दिसायचं की रात्री साडेबाराला पाणी सुरू होतं. आम्ही सकाळी सहाला मोटर लावायला सांगितलेली. चार दिवस घरात कुजबुज चालली, बटाईदारांना दोन शब्द बोलूनही झाले. नंतर लक्षात आलं की लॉगर ग्रीनिच वेळ लिहितोय आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यांची क्षमा मागितली, पण ते चार दिवस परत घेता आले नाहीत. नवा लॉगर आला की पहिल्यांदा वेळ तपासा. तारीख १९७० किंवा २००० दाखवत असेल तर आतला सीआर २०३२ नाण्याएवढा सेल संपला आहे.

एसडीआय-१२ (सेन्सर आणि लॉगर यांच्यातली एक डिजिटल जोडणी) चे दोन सेन्सर एका तारेवर जोडले आणि दोन्ही मुके झाले, तर दोघांचा पत्ता एकच आहे. बहुतेक सेन्सर कारखान्यातून शून्य पत्त्यावर येतात; एकेकटा जोडून पत्ता बदला, मग एकत्र करा. केबल ६० मीटरच्या आत ठेवा. आरएस-४८५ ही दुसरी जोडणी असेल तर ए आणि बी तारा उलट लागल्या का, हे आधी पाहा. मेसेज येत नाहीत पण कार्डावर नोंदी आहेत, तर सेन्सरला हात लावू नका. सिमचं रिचार्ज आणि अँटेनाचा पेच बघा.

पावसाळ्याआधी

मे महिन्यात, पहिल्या गडगडाटाआधी, लॉगरचा अर्थिंगचा सळा आणि त्याची तार घासून साफ करा. गव्हाचे सेन्सर सोयाबीनसाठी तसेच ठेवायचे नसतील तर कापणीनंतर जमीन कडक व्हायच्या आत, हलकं पाणी देऊन काढा. केबलीला धरून ओढू नका, भोवती खणा. धुवा, सावलीत वाळवा आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावा: वाफा, खोली, बसवल्याची तारीख, बादलीतला आकडा, हवेतला आकडा. पुढच्या कार्तिकात सेन्सर पुन्हा बाहेर काढाल तेव्हा आधी बादली भरा आणि नवे आकडे त्या चिठ्ठीशेजारी लिहा.